सराफ्यातील पन्हळी

आमच्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, एक हिंदी म्हण मराठी घरांतूनही सर्रास ऐकू येते. ‘पंचों की राय सिर माथे, पर परनाला यहीं गिरेगा.’ पंचांचा निवाडा शिरसावंद्य आहे, पण आमच्या छताचे पाणी पडेल ते इथेच! हट्टी माणसाला उद्देशून ती वापरतात. लहानपणी आम्हांला ती निव्वळ म्हण वाटे. पुढे राज्य शासनाच्या सेवेत नजूल जमिनींचे कागद हाताखालून जाऊ लागले, तेव्हा कळले की तिच्यात अलंकार असा काहीच नाही. एका घराची पन्हळ दुसऱ्याच्या ओट्यावर पडते, एवढ्याच कारणावरून दोन पिढ्या एकमेकांशी न बोललेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. त्या पाण्याच्या धारेचा इतिहास आपल्याकडे कोणी सांगत नाही. म्हणून सराफा बाजारातील जुन्या घरांच्या निमित्ताने तो थोडासा सांगावा, असा विचार आहे.

आरंभ शब्दापासून करू. हिंदीतील परनाला आणि मराठीतील पन्हळ ही एकाच आईची लेकरे. दोघांचे मूळ संस्कृत ‘प्रणाल’. कोल्हापूरजवळचा पन्हाळगड त्याच घराण्यातला. शिलाहारांच्या काळातील लेखांत त्याचे नाव ‘प्रणालक’ असे येते. देवळात पिंडीवरचे अभिषेकाचे पाणी ज्या दगडी मुखातून बाहेर पडते तेही प्रणालच. कोठे त्याला गोमुख कोरतात, कोठे मगरीचे तोंड. युरोपातल्या गॉथिक चर्चांवर विक्राळ प्राण्यांची तोंडे वळचणीबाहेर डोकावतात, त्यांचे कामही हेच, आणि त्यांच्या नावाचे मूळ ‘घसा’ या अर्थाच्या शब्दात आहे. छतावरचे पाणी भिंतीपासून दूर फेकायचे तर इमारतीला तोंड हवे, ही कल्पना माणसाला सगळीकडे सारखीच सुचलेली दिसते.

भांडणही सगळीकडे सारखेच. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरांविषयीचे नियम सांगताना शेजारच्या दोन छपरांमध्ये चार अंगुळे अंतर असावे, नाहीतर एकाने दुसऱ्यावर यावे, असे म्हटले आहे. पावसाच्या पाण्याला वाट न ठेवणाऱ्याला दंडही सांगितला आहे. रोमन कायद्यात तर वळचणीच्या पाण्याला स्वतंत्र नाव होते. आपल्या छपराच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या जागेत पाडण्याचा हक्क हा तेथे शेतातून वाट काढण्याच्या हक्काइतकाच रीतसर मानलेला असे. इंग्रजी अमलात १८८२ साली झालेल्या सुविधाधिकार कायद्याने वीस वर्षे अखंड आणि उघडपणे उपभोगलेल्या हक्काला संरक्षण दिले. आमच्या कार्यालयात येणारे अर्जदार त्या कायद्याचे नाव जाणत नसत. पण ‘बीस साल से गिर रहा है साहब’ हे वाक्य मात्र प्रत्येकाला पाठ असे.

आता लष्कराकडे वळू. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास उज्जैनहून आपले ठाणे हलवून ग्वाल्हेर किल्ल्याच्या दक्षिणेस तळ टाकला. तो तळ उठलाच नाही. तंबूंच्या जागी घरे आली, घरांच्या गल्ल्या झाल्या, आणि गावाचे नाव लष्करच राहिले. आजही येथे ‘चिटणीस की गोठ’ आहे, ‘सात भाई की गोठ’ आहे. हा गोठ म्हणजे आपला मराठी गोट, छावणीतील पथकाचा मुक्काम; हिंदीने त्याचा शेवट जरा जड करून घेतला एवढेच. महाराज बाड्यापासून जवळच सराफा बाजार वसला. फौजेला पगार लागतो, पगाराला सावकार लागतो, आणि सावकार आला की सराफ येतो. इतिहासाच्या पुस्तकांत या बाजाराचे नाव येते ते बहुधा १८५८ च्या जूनमध्ये येथील निंबाच्या झाडाला फाशी गेलेल्या अमरचंद बांठिया या शिंदे सरकारच्या खजिनदाराच्या प्रसंगाने. तो विषय मोठा आहे; त्यावर पुष्कळांनी लिहिलेही आहे. आम्ही मान वर करून छज्जे पाहणार आहोत.

दक्षिणेतून आलेल्या माणसांनी घराची जी कल्पना बरोबर आणली ती त्यांच्या त्यांच्या मुलखाची होती. कोकणच्या माणसाला उतरते छप्पर ठाऊक. तिकडे वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस. पाणी छपरावर थांबताच कामा नये. पागोळ्या अंगणात पडतात, आणि ज्या बाजूस पाणी अडवायचे तिकडे पोफळीचे खोड उभे चिरून, आतला गाभा काढून पन्हळ करतात. ती चार पावसाळे टिकते. कुजली की नवी पोफळ बागेत उभीच असते. देशावरच्या माणसाला माळवद ठाऊक: सपाट, मातीचे, कडेला लाकडाची किंवा भाजक्या मातीची छोटी पन्हळ. पुण्याच्या वाड्यात चारी बाजूंची छपरे आत चौकाकडे उतरत, म्हणजे पाणी आपलेच, पडणार तेही आपल्याच घरात. शेजाऱ्याशी भांडण नाही.

ग्वाल्हेरला यांपैकी काहीच जसेच्या तसे चालले नाही. येथे पाऊस वर्षाकाठी तीस-पस्तीस इंच. पण तो जुलै-ऑगस्टात, आणि त्यातही थोड्या दिवसांत, दणका देऊन जातो. उरलेले आठ महिने कोरडे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, रात्री घरात झोपवत नाही, म्हणून झोपायला गच्ची हवीच. दगडही वेगळा. आपल्याकडचा काळा पाषाण घडवावा लागतो, येथला वालुकाश्म थरांनी निघतो. खाणीतून आठ-आठ, दहा-दहा फुटांच्या पाटिया सुट्या होतात. भिंतीवर भिंत उभी करून वर पाटिया टाकल्या, त्यांवर चुन्याचा कोबा घातला की छत झाले. ना तुळई, ना कौल. दख्खनी मंडळींनी चौक तेवढा आपला ठेवला, बाकी छत, छज्जा, जाळी, झरोका हे येथल्या कारागिरांकडून घेतले. सराफ्यातील जुन्या घरांच्या दर्शनी भागावर जे नक्षीकाम दिसते ते असे दोन मुलखांच्या गरजांतून आलेले आहे. नुसती हौस म्हणून ते पाहणाऱ्यांना छज्जा का आहे हे उमगत नाही. उन्हात तो भिंतीला सावली देतो आणि पावसात तिच्यावरची धार तोडतो.

या छतांची पन्हळ दगडी. सुमारे तीन फूट लांब दगडाच्या अंगात इंग्रजी ‘यू’ या अक्षरासारखी खोल चर कोरायची, एक टोक कोब्यात बसवायचे आणि उरलेला दीड-दोन फूट भाग कठड्यातून बाहेर काढायचा. ओठ जरा खाली झुकता. ओठाच्या खालच्या अंगाला एक बारीक आडवी खाच असते. ती दिसत नाही, पण साऱ्या पन्हळीचे मर्म तिच्यात आहे. पाऊस जोरात असतो तेव्हा धार आपल्या वेगाने लांब पडते. तो मंदावला की पाणी दगडाला चिकटून उलटे मागे सरकते आणि भिंतीवर उतरते. खाच लागली की तेथे थेंब सुटून खाली पडतो. पाथरवटाला हे कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. पन्हळीच्या तोंडापाशी गच्चीवर जो उतरता खोलगट भाग करतात त्याला येथले मिस्त्री ‘खुर्रा’ म्हणतात. खुर्रा बिघडला तर पन्हळ कितीही चांगली असो, पाणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

दगडी पन्हळीचा आणखी एक गुण ग्वाल्हेरलाच कळतो. पावसाच्या आधी येथे आंध्या येतात. दोन-तीन वादळांत गच्चीवर धुळीचा थर बसतो. त्यात निंबाची पाने, पतंगाचे दोरे. पहिल्या सरीबरोबर हे सारे पन्हळीकडे धावते. उघडी, रुंद, आखूड पन्हळ ते एका झपाट्यात बाहेर फेकते. लांबलचक बंद नळ ते पोटात साठवतो.

दोषही होता. धार रस्त्यावर पडते. सराफ्याचा रस्ता म्हणजे दोन्हीकडून दुकाने, मध्ये माणसे, आणि वरून दोन्ही बाजूंच्या पन्हळी. पावसाळ्यात ग्राहकाच्या पगडीवर धार पडणे हे सराफाला परवडणारे नव्हते. याशिवाय एक मंडळी होती जिला पाऊसच परवडत नसे. सोनारांच्या पेढ्यांतून झाडलेल्या केरात, धुण्याच्या पाण्यात आणि पुढे गटारीच्या गाळात सोन्याचांदीचे कण असतात. ते गाळून वेचणाऱ्यांना हिंदीत न्यारिये म्हणतात, आपल्या मराठीत झारेकरी. पहाटे दुकाने उघडण्यापूर्वी घमेले आणि खराटा घेऊन नालीशी वाकलेले न्यारिये आम्ही लहानपणी नित्य पाहिले आहेत. रात्री मोठा पाऊस झाला की सगळ्या पन्हळी एकदम नालीत कोसळत आणि आठवड्याचा गाळ सुवर्णरेखा नदीच्या दिशेने वाहून जाई. नदीचे हे नाव कोणी कशावरून ठेवले ते असो; आमची आजी मात्र न्यारियांची कीव येऊन म्हणायची, ‘आज मेल्यांचं सोनं नदीनं नेलं.’

पाणी वरून न टाकता भिंतीलगत नळाने खाली आणावे, ही रीत शहरांनी कायद्याने शिकली. लंडनमध्ये १७२४ च्या इमारत कायद्याने घरांच्या माथ्यावरचे पाणी नळावाटे खाली आणण्याचे बंधन घातले, ते पादचाऱ्यांच्याच तक्रारींमुळे. पुढे ओतीव लोखंड स्वस्त झाले. १८२९ मध्ये पन्हाळी पत्र्याचे आणि १८३७ च्या सुमारास जस्ताच्या मुलाम्याचे एकस्व घेतले गेले. (पत्र्याला ‘पन्हाळी’ म्हणताना आपण पुन्हा त्याच प्रणालापाशी येतो, हे जाता जाता.) १८८१ मध्ये आग्रा-ग्वाल्हेर लोहमार्ग सुरू झाल्यावर असा जड माल येथे आणणे सोपे झाले. मग बिडाचे नळ दिसू लागले, आधी सरकारी इमारतींवर आणि नंतर ज्यांना ऐपत होती त्यांच्या घरांवर. बाड्याभोवतीच्या इमारती पाहत फिरा, भिंतीच्या कोपऱ्यात काळे बिडाचे नळ अजूनही कोठे कोठे सापडतील. सांधे शिशाने भरलेले. बीड जड आणि ठिसूळ, दर काही वर्षांनी रंग मागणारे. पण ज्यांनी रंग दिला त्यांचे नळ पिढ्यान्‌पिढ्या टिकले.

माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत पाण्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. सांक नदीवर तिघ्रा धरण झाले. १९ ऑगस्ट १९१७ रोजी ते फुटले, नंतर पुन्हा बांधले गेले, आणि आजही शहराला तेच पाणी पाजते. आमच्या मते घरच्या छतावरील पाण्याची किंमत त्यानंतर उतरली. नळाला पाणी येऊ लागल्यावर पन्हळीखाली हंडा कोण ठेवणार? डोंगरावरचा किल्ला शतकानुशतके सूरजकुंड, जोहरकुंड, एकखांबा ताल अशा कुंडतलावांवर जगला, पावसाचा थेंब साठवून जगला. त्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या गावात मात्र छतावरचे पाणी लवकरात लवकर घालवायची वस्तू झाली.

आता घरची गोष्ट. आमचे घर सराफ्याला लागून असलेल्या गल्लीतले. संवत १९६९ मध्ये, म्हणजे १९१२ च्या सुमारास, पणजोबांनी ते बांधले. पाच दगडी पन्हळी: दोन चौकात, तीन गल्लीच्या अंगाला. १९९८ साली आम्ही घराची डागडुजी काढली. शेजारच्या काकांची बरेच दिवस तक्रार होती की एका पन्हळीची धार त्यांच्या पायरीवर पडते. ती रास्त होती. ‘आप्पा, मी तुम्हांला सांगून थकलो,’ असे ते वडिलांना म्हणत. वडील आमच्याकडे बोट दाखवत. कंत्राटदाराने सुचवले की गल्लीकडच्या तिन्ही पन्हळी काढून टाकू, सगळे पाणी एका तीन इंची प्लास्टिकच्या नळात घेऊ आणि तो नळ भिंतीतच गाडू, म्हणजे बाहेरून काही दिसायचे नाही. आम्हांला ते फार सुबक वाटले. खर्चही कमी. सरकारी नोकरीत आम्ही इतरांच्या नकाशांवर शेरे मारले. स्वतःच्या घराचा साधा हिशोब केला नाही.

तो हिशोब असा. गल्लीच्या अंगाचे छत सुमारे सहाशे चौरस फूट, म्हणजे छप्पन्न चौरस मीटर. एक इंच पाऊस पडला तर त्यावर सुमारे चौदाशे लिटर पाणी होते. पन्हळी-नळांसंबंधीच्या भारतीय मानकाप्रमाणे ताशी ७५ मिलिमीटर पावसाला चार इंची एक उभा नळ सुमारे सत्तावन्न चौरस मीटर छत सांभाळतो. तीन इंची नळ त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही, जेमतेम सत्तावीस चौरस मीटर. शिवाय हे नळ पूर्ण मोकळा असताना. तोंडाला जाळी, जाळीला पाने, पोटात आंधीची धूळ, एवढे झाल्यावर त्यातून किती जाणार?

तेवीस वर्षे निभावले, कारण तसा पाऊस आला नाही, आणि वडील असेपर्यंत दर ज्येष्ठात स्वतः गच्चीवर जाऊन जाळी साफ करीत. २०२१ च्या ऑगस्टच्या आरंभी ग्वाल्हेर-चंबळ भागात जो पाऊस झाला तो वाचकांना आठवत असेल. शिवपुरी, श्योपूर, दतिया पाण्यात गेले, सिंध नदीवरचे पूल वाहून गेले. त्या मानाने आमच्या घरात झाले ते काहीच नाही. नळ तुंबला. गच्चीचे कुंड झाले. पाणी पाटियांच्या सांध्यांतून माजघरावरच्या माळ्यावर उतरले, आणि भिंतीत गाडलेला नळ एका सांध्याशी आधीच निखळला होता, त्यामुळे भिंतीने आतून पाणी प्यायले. माळ्यावर पणजोबांपासूनचे मोडी कागद होते, दोन लाकडी पेट्या. वरची पेटी वाचली. खालची भिंतीला टेकून होती; ती उघडली तेव्हा कागदांचा लगदा झालेला. आम्ही आठ दिवस पाने सुटी करून, टीपकागदात दाबून, पंख्याखाली वाळवली. बरीच वाळली, शाई उरली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काम पुन्हा काढले. या वेळी एक वयस्क मिस्त्री मिळाला. त्याने आधी बादलीभर पाणी गच्चीवर ओतून ते कोणीकडे जाते ते पाहिले, आणि मगच बोलला. बाजारात तेव्हा निवड करायला पुष्कळ होते. जस्ती पत्र्याची पन्हळ स्वस्त, पण कापलेल्या कडेपासून गंजते. ॲल्युमिनियम गंजत नाही, हलके आहे, परंतु ते उतरत्या छपराच्या कडेला शोभते, आमच्या कठड्याला त्याचा उपयोग नाही. प्लास्टिकचा नळ वाईट नव्हे. उन्हात उघडा राहिला तर काही वर्षांत ठिसूळ होतो, रंग दिला किंवा सावलीच्या अंगाला बसवला तर टिकतो. बीड उत्तम, पण महाग, आणि शिशाचा सांधा भरणारा माणूस आता शोधावा लागतो. दगडी पन्हळ कोरणारे कारागीर ग्वाल्हेरात अजून आहेत, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

शेवटी ठरले ते असे. चौकातल्या दोन पन्हळी होत्या तशाच. फक्त खुर्रे नव्याने केले. गल्लीकडे मुख्य पाण्यासाठी चार-चार इंची दोन नळ, भिंतीच्या बाहेर, हाताला येतील असे, प्रत्येकाच्या पायथ्याशी उघडता येणारे तोंड. मिस्त्री म्हणाला, एका नळावर सगळे छत कधी टाकू नये. एक तुंबला तर दुसरा असावा. आणि त्याने तिसरी गोष्ट सांगितली जी आम्हांला सुचली नसती: गल्लीकडे एक दगडी पन्हळ परत बसवा, पण नळांच्या तोंडापेक्षा चार बोटे वर. रोजच्या पावसात ती कोरडी राहील. तिच्यातून धार पडू लागली की समजायचे, खाली कोठे तरी तुंबले आहे.

ती पन्हळ कोठे बसवावी यावर शेजारच्या काकांच्या मुलाशी बोलणे झाले. काका आता नाहीत. पायरीपासून सहा फूट अलीकडे जागा ठरली आणि त्याने स्वतः खडूने खूण केली. नळांचे पाणी चौकातल्या जुन्या विहिरीत, खडी-वाळूच्या गाळणीतून सोडले आहे. मध्य प्रदेशच्या भूमि विकास नियमांनी १४० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील बांधकामाला छतावरचे पाणी जिरवणे आवश्यक केले आहे. जुन्या घरावर ती सक्ती नव्हती, पण विहीर होती आणि कोरडी होती. सराफ्यात अशा बुजवलेल्या किंवा झाकलेल्या विहिरी आणखी किती घरांत असतील, याची गणती एखाद्या तरुण अभ्यासकाने करावी. घराच्या दर्शनी भागाची छायाचित्रे पुष्कळ जण घेतात. गच्चीवर कोणी चढत नाही.

दगडी पन्हळ जुनीच मिळाली. १९९८ मध्ये काढलेल्या तीनपैकी एक गल्लीत पायरी म्हणून उलटी टाकलेली होती, चर खाली, पाठ वर. उलटवली तर ओठाखालची खाच शाबूत. मूळ घडणावळ किती पडली असेल हे पणजोबांच्या बांधकामाच्या वहीत नक्की असणार. ते प्रत्येक खिळा लिहीत. ती वही खालच्या पेटीत होती. वाळवलेल्या पानांत तिचे पुठ्ठे ओळखू येतात, शिवणीचा दोराही शाबूत आहे, आणि एका पानावर संवताचे साल वाचता येते.